पार्श्वभूमी : पालिसची बाटली आली कुठून?

माझ्या कपाटातल्या एका खणात १८६ बाटल्या आहेत. नेलपॉलिशच्या. आमच्या परभणीकडच्या जुन्या बायका तिला अजून ‘पालिस’च म्हणतात, बुटाचीही पालिस आणि नखाचीही पालिस. आजीनं तो खण पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा सरळ हिशेब मांडला, “बोटं दहा अन् बाटल्या इतक्या? करतीस काय गं ह्यांचं?” पायाची धरून वीस, असं मी म्हटलं खरं, पण तिचा प्रश्न रास्त होता. नखं रंगवण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. रंग साठवण्याची हौस मात्र कालपरवाची. ती कुठून आली याचा माग काढायला बसलं की गाडी भलत्याच ठिकाणी थांबत जाते : स्वित्झर्लंडमधलं एक स्वयंपाकघर, अमेरिकेतले मोटारींचे कारखाने आणि मध्येच आपलं कापसाचं रान.

आधी घरचा रंग. मराठवाड्यात पंचमी हा लेकींचा सण. आदल्या दिवशी मेंदी, दुसऱ्या दिवशी झोके. कोन यायच्या आधी पाला पाट्यावर वाटत. त्यात कात, लिंबू, चहाचं पाणी, ज्या घरची जी युक्ती असेल ते. तळहातावर एक मोठा ठिपका, भोवती बारके ठिपके आणि बोटांच्या टोकांना टोप्या; वेलबुट्टी फार नंतर आली. टोपी घातली की नखही रंगायचं, आणि तळहाताचा रंग आठ-दहा दिवसांत उडाला तरी नखावरचा हटायचा नाही. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीतल्या आणि नखातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. कातडीचा वरचा थर झडून जातो. नख मात्र महिन्याला साधारण ३ मिलिमीटर या चालीनं पुढे सरकतं आणि रंगाला सोबत घेऊन जातं. पंचमीला रंगलेल्या नखाची केशरी कोर दिवाळीत टोकाशी शिल्लक असायची.

दुसरा रंग तेरड्याचा. तेरड्याला हिंदी-उर्दूत गुलमेंदी म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. तेरड्यातही लॉसोन असतं. कोरियात तेरड्याच्या पाकळ्या तुरटी घालून वाटतात आणि रात्रभर नखांवर बांधून ठेवतात. तो रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर पहिलं प्रेम फळतं, अशी तिथली समजूत. परभणीत बर्फ पडत नसल्यामुळे आमची सोय झाली नाही, पण पाकळ्या चुरगळून नखावर दाबून धरायचा खेळ आम्हीही खेळलो आहोत. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण झाडावरच्या फुलापुरती खरी. नखावर बसलेला तेरडा तीन दिवसांत जात नाही.

मेंदी काय किंवा तेरडा काय, दोन्ही ठेवता येत नव्हते. वाटलेली मेंदी दुसऱ्या दिवशी रंग धरत नाही आणि तेरडा पावसाळ्यापुरताच फुलतो. छटाही ठरलेली, केशरी ते तांबूस. निवडच नाही तिथे संग्रह कसला करणार?

छटांची श्रीमंती आपल्याकडे नव्हती असं नाही, ती नखावर नव्हती इतकंच. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात आरसा हाती धरून साजशृंगार करणारी एक स्त्री आहे. गाईड तिचे दागिने दाखवतात. मी मात्र तिच्याकडे रंगांच्या दुकानात उभं राहावं तशी बघते. तांबडा आणि पिवळा हे गेरूच्या जातीचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांचे. निळा लॅपिस लाझुलीचा, आणि तो दगड यायचा पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. आता एखाद्या नेलपॉलिशच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून पाहा. ‘सीआय ७७४९१’ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, गेरूतला रंग तोच. ‘सीआय ७७००७’ म्हणजे अल्ट्रामरीन, लॅपिसमधल्या निळ्याचा कारखान्यात जन्मलेला भाऊ. दीड हजार वर्षांपूर्वी हे रंग आपल्या भिंतीवर होते. भिंतीवर ते सरसासारख्या चिकट पदार्थानं धरून ठेवता आले. पण नखावर धरेल, धुण्याभांड्यात जाणार नाही आणि तरी मनात येईल तेव्हा पुसता येईल असं काही हाताशी नव्हतं.

ते कापसानं दिलं. श्योनबाइन नावाचा रसायनशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये बाझलला होता. त्याच्या हातून घरच्या स्वयंपाकघरात आम्लं सांडली, घाईत बायकोच्या सुती एप्रननं पुसली, एप्रन शेगडीपाशी वाळत घातला आणि तो भक्कन पेटून नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण १८४६ साली त्यानं हा ‘बंदुकीचा कापूस’ जगापुढे ठेवला हे पक्कं. रसायनाच्या भाषेत तो नायट्रोसेल्युलोज. आम्लाची मात्रा थोडी कमी ठेवली तर तो स्फोटक राहत नाही, पण ज्वालाग्राही असतोच. योग्य द्रावकात तो विरघळतो आणि द्रावक उडून गेला की मागे पातळ, कडक, चकचकीत पापुद्रा सोडतो. तुमच्या-माझ्या नखावर सुकतो तो हाच पापुद्रा.

कच्चा माल म्हणून लाकडाचा लगदाही चालतो. पण नायट्रोसेल्युलोजसाठी जुना, नावाजलेला माल म्हणजे सरकीवरची लव. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीला आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ मानवतच्या मोंढ्यातल्या कापसाच्या गाड्यांचाच विचार करत होते. परभणी, नांदेड, जालना, बीड हा सगळा पट्टा कापसाचा. नांदेडच्या संशोधन केंद्रानं काढलेलं नांदेड-४४ हे वाण एके काळी इथल्या रानोमाळ होतं. आणि वेचणीला जाणाऱ्या बाईच्या नखाला विचारा कापूस काय करतो ते! वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला खरचटतात, कातडी सोलवटते. सबंध हंगामात त्या बोटांवर कोणताच रंग टिकत नाही.

पहिल्या महायुद्धात बंदुकीसाठी नायट्रोसेल्युलोजचे कारखाने वाढले. युद्ध संपल्यावर त्याला नवी गिऱ्हाइकं हवी होती, आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक मिळालं मोटारीचं. तोवर मोटारीचा रंग सुकायला आठवडे लागत. १९२३ साली ड्युपॉन्ट कंपनीच्या ड्युको लॅकरनं ते काम काही तासांवर आणलं. लोखंडी पत्र्यावर चकाकणारा, लवकर वाळणारा, शिवाय हव्या त्या रंगात मिळणारा थर नखावर यायला मग वेळ लागला नाही.

नखांचा धंदा तोवर सुरू झालेला होताच. अमेरिकेत क्युटेक्सचा माल १९११ मध्ये बाजारात आला, पण तो नखाच्या मुळाशी असलेली कातडी मऊ करण्यासाठी. रंगाची छटा असलेली पॉलिश त्यांनी १९१७ च्या सुमारास काढली, तीही फिकट गुलाबी आणि आरपार दिसणारी. केरळात आणि श्रीलंकेत नेलपॉलिशला आजही सर्रास ‘क्युटेक्स’ म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. खरा पालट १९३२ साली झाला. चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन काढली. नावातला ‘ल’ या लॅकमनचा. त्यांनी पाण्यासारख्या रंगाऐवजी रंगद्रव्याची भुकटी वापरली, त्यामुळे थर अपारदर्शक झाला आणि एकाच लालाचे दहा लाल करता येऊ लागले. छटांना नावं पडली, नावांच्या जाहिराती झाल्या. संग्रह करणाऱ्यांची जात इथे जन्मली असं मी धरते. एक बाटली संपल्यावर दुसरी घेणारी ती गिऱ्हाईक. पहिली भरलेली असताना दुसरी घेणारी ती आमच्यातली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. मुंबईची वस्तू मनमाडहून मीटरगेजच्या गाडीनं औरंगाबाद, परभणी, नांदेडला यायची. परदेशी प्रसाधनं बड्या घरांपुरती. बाकीच्यांना काकणं, कुंकू, मेंदी. १७ सप्टेंबर १९४८ ला हे राज्य गेलं, पण स्वतंत्र भारतातही परदेशी पावडर-लिपस्टिकवर परकीय चलन खर्च होणं सरकारला परवडत नव्हतं. नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना हा माल देशातच बनवायला सुचवलं, असं सांगितलं जातं. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचं, आणि ते आपल्या ‘लक्ष्मी’वरूनच घेतलेलं. १९६१ पासून सिमोन टाटा संचालक मंडळावर होत्या, पुढे १९८२ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. नव्वदच्या दशकाअखेर कंपनी हिंदुस्थान लीव्हरकडे गेली.

आमच्याकडे ही बाटली कासाराच्या, मण्याराच्या दुकानातून शिरली. पुढे ‘कटलरी’ची दुकानं झाली, त्यातून. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; लहानपणी मावशीसोबत त्या गोलाईत फिरताना एका टोपलीत रचलेल्या बाटल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. लाल, मरून, राणी, मोतिया. बस्स, एवढेच. लग्नाच्या रुखवतात एक लाल बाटली असायची आणि ती वाळून खडा होईपर्यंत पुरायची. लग्न ठरलेल्या मुलीनं लावली तर कौतुक, कॉलेजातल्या मुलीनं लावली तर डोळे वटारले जायचे. आमच्या लातूरच्या मावशीच्या सासूबाईंचं वाक्य घरात अजून चालतं : “भाकरी करलालीस का नखं रंगवलालीस?”

त्या वाक्यात निव्वळ धाक नव्हता, व्यवहारही होता. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून दोन्ही हातांनी भाकरी थापायची, म्हणजे रंगाच्या कडा दोन दिवसांत उडणार आणि उडालेला टवका जाणार कुठे, तर पिठात. त्यात हळदीची भर. उजव्या हातानं वरण-भात कालवला की फिकट गुलाबी नख संध्याकाळपर्यंत पिवळं. मरून आपल्याकडे इतका का खपला याची कारणं लोक संस्कृतीत शोधतात. मला वाटतं अर्धं कारण वरणात आहे. अजूनही फिकट, दुधाळ छटा मी रविवारी लावत नाही, कारण रविवारी घरी रस्सा असतो.

औरंगाबादच्या माझ्या मुसलमान मैत्रिणींच्या घरी अडचण निराळी. वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, पाणी नखापर्यंत पोचायला हवं आणि पॉलिशचा पापुद्रा ते अडवतो. मेंदी अडवत नाही, म्हणून ईदला मेंदी आणि पॉलिश फक्त नमाज नसलेल्या दिवसांत. गेल्या दशकात पोलंडच्या इंग्लॉट कंपनीनं हवा-पाणी आरपार जाऊ देणारी पॉलिश काढली आणि ती जगभरच्या मुस्लिम बायकांत एकदम गाजली. तिनं वुजू होतो की नाही, यावर मौलवींचं एकमत नाही. मैत्रिणीची आई म्हणते, मेंदी आहे ना!

१९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९५ मध्ये रेव्हलॉनच भारतात उतरली, कॉलेजच्या मुलींच्या खिशाला परवडणारी एल १८ आली. १९९५ मध्येच अमेरिकेत डिने मोहाजर नावाच्या विद्यार्थिनीनं आपल्या सँडलला शोभेल असा फिकट निळा रंग घरी कालवला आणि त्यातून हार्ड कँडी कंपनी उभी राहिली. निळी नखं! आमच्याकडे निळं नख म्हणजे दारात चेंगरलेलं बोट. पण चार-पाच वर्षांत माळेगावच्या जत्रेत निळ्या, हिरव्या, चांदीच्या बाटल्यांचे ढीग दिसू लागले. माझी पहिली निळी तिथलीच, लेबल नसलेली. आता मी लेबल नसलेली घेत नाही. परवाना क्रमांक, बॅच आणि वापराची मुदत पाहते. शिवाय टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही तीन द्रव्यं नसलेली, म्हणजे ‘थ्री-फ्री’, आहे का तेही.

घरबसल्या मागवायची सोय झाल्यावर खण भराभर भरला. त्यातही बंदुकीच्या कापसाची आठवण राहतेच. नेलपॉलिश ज्वालाग्राही मालात मोडते, त्यामुळे विमानाच्या टपालात तिला मज्जाव असतो. परभणीला ती ट्रकनं, सावकाश येते. आणि आली की उन्हाळा. ४२-४३ अंशांत द्रावक झाकणाच्या फटीतून उडतो आणि पॉलिश काकवीसारखी होते. तिच्यात रिमूव्हर घालू नये, थर बिघडतो. थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात. बाटली वापरून झाली की गळ्याजवळची कड पुसायची आणि ती उजेडापासून लांब, उभी ठेवायची. आतली स्टीलची गोळी खुळखुळली की समजायचं, अजून जिवंत आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मात्र सगळा खण बंद होता. घरोघरी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर आले होते आणि गडद रंगाच्या नखावर त्याचा आकडा चुकू शकतो. शस्त्रक्रियेआधी नर्स पॉलिश पुसायला लावते त्याचंही एक कारण हेच. दीड महिना माझी बोटं कोरी होती.

आता तालुक्याच्या गावीही जेलची पार्लरं निघाली आहेत. जेल द्रावक उडून सुकत नाही, अतिनील दिव्याखाली घट्ट होतं. ते घट्ट करायला मदत करणारं टीपीओ नावाचं एक द्रव्य युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत बंद केलं. आपल्या पार्लरातल्या बाटलीत ते आहे का, हे विचारून घ्यावं. भाचीनं जेल लावून घेतलं, भाकरी थापली, भांडी घासली, पंधरा दिवस टवकाही उडाला नाही. मावशी, तू का लावत नाहीस, म्हणाली. माझ्या खणात जेलची एकही बाटली नाही. मला दर तीन दिवसांनी रंग बदलायचा असतो.