हर्नियाची जाळी आणि मच्छरदाणीचं कापड, मागची गोष्ट

परवा एकाने विचारलं, गरिबांच्या पोटात मच्छरदाणी घालून ऑपरेशन करायचे हे खरं का, आणि विचारताना त्याच्या तोंडावर अशी काही किळस होती की म्हटलं हे नीटच लिहावं.

हर्निया म्हणजे पोटाची भिंत एका जागी कमजोर होते आणि तिथून आतडं वगैरे बाहेर ढकललं जातं. सोलापुरात हर्निया म्हणजे मार्केट यार्डातले हमाल. ५०-५० किलोची कांद्याची पोती दिवसभर पाठीवर, जांघेत गाठ येते, खोकलं की फुगते, झोपलं की आत जाते, मग माणूस लंगोट कसून वर्षानुवर्षं तसंच काम करतो. जुनं ऑपरेशन इटलीच्या बासिनीचं, १८८० च्या दशकातलं. त्यात आपलेच स्नायू ओढून टाके घालायचे, त्यामुळे टाक्यांवर ताण यायचा आणि बऱ्याच जणांना हर्निया परत व्हायचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत लिक्टनस्टाइनने ओढाताण न करता त्या कमजोर जागेवर वरून प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी बसवायची पद्धत आणली आणि परत होण्याचं प्रमाण खूपच कमी झालं, पण ती कंपनीची जाळी महाग.

मी रेसिडेंट होतो तेव्हा आमच्या वॉर्डात एका हमालाच्या बायकोने जाळीची चिठ्ठी दोन दिवस पदराला बांधून ठेवली होती. मेडिकलवाल्याचा आकडा ऐकून परत आली आणि म्हणाली, डॉक्टर, जाळीबिगर होत नाही का? आम्ही जुन्या पद्धतीने केलं. दोन वर्षांनी तोच माणूस, त्याच बाजूला, तीच गाठ. मला आजही ते खुपतं.

ह्याच अडचणीवर धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी नव्वदच्या दशकात काम केलं. कीटकनाशक न लावलेलं साधं मच्छरदाणीचं कापड घ्यायचं, मापात कापायचं, धुवून ऑटोक्लेव्ह करायचं (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं) आणि जाळीसारखंच शिवायचं. धागा शेवटी प्लॅस्टिकचाच, कंपनीच्या जाळीच्याच जातकुळीतला. बाकीच्या सर्जननाही वापरायला लावून त्यांनी २००३ मध्ये रिझल्ट छापले, म्हणजे हा जुगाड नव्हता, तपासून घेतलेलं काम होतं. पुढे युगांडात ३०० च्या वर पुरुषांवर तुलना झाली, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी, अर्ध्यांना कंपनीची, आणि २०१६ ला आलेल्या निकालात वर्षभरानंतर दोन्हींत सांगण्यासारखा फरक नव्हता.

आमच्याकडे मात्र ते कापड कोणी वापरलेलं मी पाहिलं नाही, सरकारी ठिकाणी लेखी परवानगीशिवाय कोण धजावणार. आमची काटकसर वेगळी, म्हणजे मोठी जाळी आली तर सिस्टर तिचे दोन तुकडे करून दोन पेशंटना पुरवायच्या, ग्लोव्ह्ज धुवून पावडर मारून परत ऑटोक्लेव्हला.

जुलै २०१२ ला गरिबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं (२०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना), आणि मग वॉर्डात पैशाआधी रेशन कार्डाची चौकशी व्हायला लागली. तो हमाल त्याच्या आधीचा. त्याचं दुसरं ऑपरेशन जाळी घालूनच केलं, पैसे यार्डातल्या हमालांनी वर्गणी काढून आणले होते, सगळ्या दहा-वीसच्या नोटा.