ग्रामीण काउंटीतील आपत्तीजोखीम आणि घरगुती सज्जता (अमेरिका)

काउंटी हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय विभाग. देशात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि आपत्तीच्या वेळी पहिली जबाबदारी त्यांच्यावर येते. शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख), आणीबाणीच्या ९११ क्रमांकाचे दूरध्वनी केंद्र, रस्त्यांची डागडुजी, आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे सगळे काउंटीच्या पातळीवर चालते. विरळ वस्तीच्या काउंटीत आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद अनेकदा अर्धवेळ असते, किंवा दुसरे काम सांभाळणाऱ्या माणसाकडेच तेही दिलेले असते. पूर, टोर्नेडो (जमिनीला टेकणारे भोवऱ्यासारखे वादळ), वणवा, हिमवादळ, भूकंप ही संकटे शहराला आणि ग्रामीण भागाला सारखीच. फरक पडतो तो अंतराने. मदत किती वेळात पोहोचेल यावर घरात काय हवे, किती हवे हे ठरते. सरकारी पत्रकांतील सज्जतेच्या याद्या मात्र बहुतेक वेळा नळाचे पाणी आणि जवळचे दुकान गृहीत धरूनच लिहिलेल्या दिसतात.

जोखीम मोजण्याची अधिकृत पद्धतही ग्रामीण भागाचे पुरते चित्र देत नाही. फेमा (१९७९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) ‘नॅशनल रिस्क इंडेक्स’ नावाचा निर्देशांक प्रसिद्ध करते. त्यात १८ नैसर्गिक संकटांपासून दरवर्षी अपेक्षित असलेले नुकसान काढतात, मग तेथील लोक किती दुर्बल आणि समाज किती सावरू शकणारा, यानुसार तो आकडा वरखाली करतात. इमारती, शेती, एवढेच नव्हे तर माणसांचे प्राणही यात डॉलरमध्ये धरलेले असतात. त्यामुळे जिथे माणसे आणि मालमत्ता जास्त तिथे जोखीम जास्त दिसते. लॉस एंजेलिस काउंटी यादीत सर्वांत वर आहे, ती याच हिशेबाने. चार-पाच हजार वस्तीची काउंटी नकाशावर फिकट रंगात दिसते. तो रंग पाहून तेथील कुटुंबाने निश्चिंत राहावे असा त्याचा अर्थ नाही. सगळे गाव वाहून गेले तरी देशाच्या हिशेबात ते नुकसान किरकोळच ठरते. त्यापेक्षा काउंटीचा ‘आपत्ती शमन आराखडा’, म्हणजे नुकसान आधीच कमी करण्याची योजना, वाचणे उपयोगाचे. २००० च्या कायद्यानुसार आपत्ती शमनाचे केंद्रीय अनुदान हवे असेल तर असा आराखडा लागतो आणि तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. कोणता ओढा कोणत्या साली कोणत्या पुलावरून गेला, हे बऱ्याचदा त्यात सापडते.

इशाऱ्यांच्या बाबतीत दोन शब्द ठाऊक हवेत. ‘वॉच’ म्हणजे संकट येण्याजोगी परिस्थिती आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे संकट दिसले आहे किंवा येऊन ठेपले आहे, आता हला. डोंगराळ भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून हवामान खात्याचा रेडिओ अजून टिकून आहे. हजाराहून अधिक प्रक्षेपक दिवसरात्र चालतात आणि घरातल्या छोट्या संचात आपल्या काउंटीचा सहा आकडी संकेतांक भरला की इशारा निघताच तो गजर देतो. २००७ पासून टोर्नेडोचे आणि अचानक येणाऱ्या पुराचे इशारे अख्ख्या काउंटीऐवजी नकाशावर आखलेल्या बहुभुज क्षेत्रापुरते निघतात. रेडिओ मात्र संकेतांकावर चालतो, त्यामुळे वादळ काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असले तरी वाजतो. रात्री-अपरात्री दोन-तीनदा विनाकारण उठवले की लोक तो बंद करून कपाटात टाकतात, आणि ही या व्यवस्थेतली खरी अडचण आहे. टेक्सासमधील केर काउंटीत ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वादालुपे नदी सुमारे पाऊण तासात २६ फूट चढल्याचे राज्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली. इशारे निघाले होते, पण लोक झोपेत होते आणि नदीकाठी भोंग्यांची व्यवस्था नव्हती.

टोर्नेडोपुरते बोलायचे तर घराचा प्रकार निर्णायक ठरतो. कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या मोबाइल होममध्ये देशातली थोडीच कुटुंबे राहतात. घरात असताना टोर्नेडोत मेलेल्यांपैकी मात्र जवळपास निम्मे अशा घरांत सापडतात. तिथे राहणाऱ्याने वॉर्निंगची वाट पाहू नये. वॉच निघाल्यावरच तळघर असलेल्या शेजाऱ्याकडे किंवा चर्चमध्ये जायचे आधी ठरवून ठेवावे.

ग्रामीण घराची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे पाणी. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक स्वतःच्या विहिरीवर किंवा बोअरवर अवलंबून आहेत. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळही कोरडा आणि संडासाची टाकीही. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी साठवा हा सरकारी सल्ला केवळ पिण्यापुरता आणि जेमतेम स्वच्छतेपुरता आहे. जनरेटर घेतला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. खोल विहिरीतले बहुतेक पंप २४० व्होल्टवर चालतात आणि दुकानातून उचलून आणलेले छोटे जनरेटर बऱ्याचदा १२० व्होल्टच देतात. त्यावर दिवे लागतात, फ्रिज चालतो, पाणी येत नाही. हे बहुधा वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कळते. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब आणि उघड्यावर ठेवावा. गॅरेजमध्ये दार उघडे ठेवून चालवल्यानेही कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात. भिंतीतल्या प्लगमध्ये उलटी वायर घालून घराला वीज देणे तर बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. त्यासाठी घर बाहेरच्या वीजवाहिनीपासून तोडून जनरेटरला जोडणारा ट्रान्सफर स्विच बसवून घ्यावा लागतो.

पुराचे पाणी विहिरीच्या तोंडावरून गेले असेल तर क्लोरीनने निर्जंतुक करून, नमुना तपासून घेईपर्यंत विहिरीचे पाणी पिऊ नये. तात्पुरती सोय म्हणून सहा टक्क्यांचे, बिनवासाचे ब्लीच गॅलनला आठ थेंब घालून अर्धा तास थांबतात. पाणी गढूळ असेल तर थेंब दुप्पट. अंगणातल्या प्रोपेन गॅसच्या टाकीकडेही पाहावे. उन्हात द्रव फुगायला जागा हवी म्हणून ती ८० टक्केच भरतात. जमिनीला पट्ट्यांनी जखडलेली नसेल तर पुरात ती तरंगते, नळी तोडून गॅस सोडत वाहत जाते. वर्षभराचे मांस भरलेला मोठा फ्रीझर मात्र वीज गेल्यावर झाकण न उघडल्यास गच्च भरलेला ४८ तास, निम्मा असल्यास २४ तास टिकतो.

किती दिवसांची बेगमी करावी? जुना आकडा तीन दिवसांचा. रेड क्रॉस घर सोडताना तीन दिवसांची आणि घरीच राहायचे तर दोन आठवड्यांची सांगते. ओरेगन राज्याने दोन आठवड्यांचाच आग्रह धरला आहे. त्याच्या किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया प्रस्तरभंगावर (भूकवचातील भेगेवर) २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि तसा पुन्हा झाल्यास पूल कोसळून किनारपट्टी तुटेल अशी धास्ती आहे. तीन दिवस अपुरे का, हे सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत दाखवले. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या यान्सी काउंटीत बुसिक येथे ३० इंचांहून अधिक पाऊस पडला. महामार्ग तुटले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, काही वस्त्यांवर खेचरांच्या पाठीवरून औषधे न्यावी लागली. माउंट मिचेल शिखरावरच्या हौशी रेडिओ रिपीटरवरून (संदेश पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरून) निरोप जात होते. ओढ्यापलीकडच्या घरांचे स्वतःचे छोटे पूल वाहून गेले. ते खासगी असल्याने एरवी काउंटी ते दुरुस्त करत नाही. ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या रुग्णाचे नाव वीज सहकारी संस्थेकडे नोंदवलेले असले, तरी अशा वेळी वीज आधी येईल याची हमी नसते. सिलिंडर किंवा बॅटरी घरात लागतेच.

वणव्यात बहुतेक घरे ज्वालांच्या भिंतीने जळत नाहीत, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणून भिंतीलगतचे पहिले पाच फूट मोकळे ठेवणे, पन्हळीतला पाचोळा काढणे ही स्वस्त कामे महागड्या उपकरणांपेक्षा जास्त घरे वाचवतात. देशातले अग्निशामक जवळपास दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, म्हणजे बंब निघण्याआधी माणसे शेतातून, दुकानातून यायची असतात. घराचा क्रमांक रस्त्यावरून रात्री दिसेल असा लावणे, हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे सहकार्य.

जनावरांचा हिशेब वेगळा. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला ५० लिटरच्या वर पाणी पिते; ते बादल्यांनी भागत नाही. गुरे नेणारा ट्रेलर कोणाचा, आधी कोणती गुरे, कोणत्या मैदानात न्यायची हे आधी बोलून ठेवतात. वेळच उरला नाही तर फाटके उघडून गुरे सोडतात आणि ओळख पटावी म्हणून अंगावर रंगाने दूरध्वनी क्रमांक लिहितात. काउंटीतला कृषी विस्तार अधिकारी या बाबतीत अनेकदा आपत्ती कार्यालयापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण पैसा तिथेच अडतो. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो. १९६८ पासून चालत आलेला केंद्रीय पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. बँकेचे कर्ज असलेल्या आणि नकाशात पूरक्षेत्रात दाखवलेल्या घरालाच त्याची सक्ती असते. वडिलोपार्जित, कर्ज नसलेल्या घराला कोणी विचारत नाही. अशा घरांचा दुसरा घोळ म्हणजे आजोबांच्या नावावरून सातबारा बदललाच नाही, तशातली गत: घर ज्याच्या ताब्यात, त्याच्या नावावर ते नसते. पूर्वी फेमा अशा अर्जदारांना परत पाठवी. २०२१ पासून दुसरा पुरावा मिळत नसल्यास मालकीचे स्वयंघोषणापत्र स्वीकारले जाते.