शिक्क्याचं इंजिन आणि बिनशिक्क्याचं इंजिन

जून 2025 मध्ये होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि सोलापुरात विमानाच्या गप्पांना ऊत आला. ते विमान टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर पंखा फिरवणारं, त्याचा इथे संबंध नाही. पण गॅरेजवाल्यांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: गाडीत लाखभर किलोमीटर कुरकुर न करता पळणारं इंजिन दोन आसनी विमानाला का चालू नये?

चालतं, आणि फार पूर्वीपासून. अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल यांनी 1929 मध्येच फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन विमानाला जोडलं. पुढे फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही हौशी मंडळींनी वापरलं. 1950 च्या दशकात अशा घरी बांधलेल्या विमानांना तिकडे ‘एक्सपेरिमेंटल’ हा वेगळा वर्ग मिळाला. त्यात इंजिनाला सरकारी मान्यतेची सक्ती नाही.

शिक्क्याच्या, म्हणजे सरकारी मान्यता मिळालेल्या, इंजिनांची वाट निराळी. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या अमेरिकेच्या लायकमिंगचं ओ-360 हे 1955 चं, आजही बनतं. मान्यतेसाठी इंजिन चाचणीच्या बाकावर 150 तास रगडतात, त्यातला बराच वेळ पूर्ण जोरावर. एकदा मान्यता मिळाली की आराखडा गोठतो. साधा बदल करायचा तरी कागद हलवावे लागतात. म्हणून तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणारी यंत्रं) ही जुनी मांडणी टिकली. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. मात्र 2,000 तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती, हा लौकिक त्या 150 तासांतून आलेला नाही, तो पुढच्या कित्येक दशकांच्या वापरातून आला. तरीही 2002 मध्ये लायकमिंगलाच काही इंजिनांचे क्रँकशाफ्ट परत मागवावे लागले.

मर्सिडीजच्या गाडीच्या इंजिनावरून थीलर्ट कंपनीने बनवलेल्या डिझेल इंजिनाला तर रीतसर मान्यता होती. मार्च 2007 मध्ये जर्मनीतल्या श्पायरला अशी दोन इंजिनं असलेलं डीए-42 विमान बॅटरी उतरलेली असताना बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू करून उडवलं. चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे संगणक भांबावले आणि दोन्ही इंजिनं बंद पडली.

उलट ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं 912 इंजिन बघा. 1989 पासून हे इंजिन मान्यतेसह मिळतं आणि मान्यतेविनाही. यंत्र जवळपास तेच. किमतीतला फरक मुख्यतः कागदांचा, म्हणजे प्रत्येक सुट्या भागाचा माग ठेवण्याचा. माझ्या मते शिक्क्याची खरी किंमत तीच.

मग घरी बांधलेली विमानं जास्त का पडतात? अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने 2012 च्या अभ्यासात ताबा सुटण्याबरोबर इंजिन बंद पडण्यावरही बोट ठेवलं, आणि उड्डाणचाचण्यांपूर्वी इंधनयंत्रणा तपासून त्याची नोंद ठेवा, अशी शिफारस केली. गोम बऱ्याचदा इंजिनात नसते, त्याच्या जोडणीत असते.

आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने आपल्या दोन आसनी ‘हंसा-3’ ला रोटॅक्स 914, म्हणजे 912 चंच टर्बो असलेलं भावंड, बसवलं. 2000 मध्ये त्या विमानाला डीजीसीएची, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाची, मान्यता मिळाली. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना मात्र नुसत्या नोंदणीसाठी 2017 उजाडलं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 1,600 फूट. पण मे महिन्यात पारा 42 वर गेला की इथली हवा एरवी 5,000 फुटांवर असते तितकी विरळ होते, आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या कुठल्याही इंजिनाची सुमारे 15 टक्के ताकद जाते. त्यात पेट्रोलची नळी एक्झॉस्टला खेटून नेली असेल, तर नळीतच वाफ धरते आणि इंजिन उपाशी मरतं.