दत्तक, बालसंगोपन, मार्गदर्शक मित्र: पुण्यात अर्ज नेमके कुठे अडकतात

दर शनिवारी सकाळी मी एका संस्थेत अर्ज भरायला मदत करते. गेल्या महिन्यात धायरीचं एक जोडपं आलं होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद क्रमाने लावलेले, वर बाईंनी स्वतःच्या हाताने केलेली यादी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. एका ओळीपुढे मात्र खूण नव्हती. विवाह नोंदणी दाखला. लग्न 2009 साली गावी, दारातल्या मांडवात झालेलं. नोंदणी करायची असते हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि ज्या गुरुजींनी लग्न लावलं ते आता हयात नाहीत. बाईंचे डोळे भरून आले होते. "एवढ्या एका कागदापायी बाळ मिळायचं नाही का हो?" असं त्यांनी विचारलं.

मिळेल. या कागदावर अडलेलं दुसरं जोडपं मी महिन्याआड तरी पाहते. दाखला आजही काढता येतो. महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर क्षेत्रीय कार्यालयात, गावात असाल तर ग्रामपंचायतीत. राज्याच्या 1998 च्या कायद्याखाली 'नमुना ड' भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे, लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो जोडायचा, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे द्यायचे. उशिराचा दंड भरावा लागतो, तो भरून मोकळं व्हायचं. पत्रिका सापडत नसेल किंवा गुरुजी हयात नसतील, तर प्रतिज्ञापत्राचा मजकूर कसा हवा हे आधी त्याच खिडकीवर विचारा आणि मगच स्टँपपेपर घ्या. बाहेरच्या टायपिस्टने आपल्या मनाने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं, आणि पुन्हा एक दिवस रजा जाते.

दत्तकासाठी लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. ही दोन वर्षं लग्नापासूनची. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते, त्यामुळे काल नोंदणी केली म्हणून आणखी दोन वर्षं थांबायचं कारण नाही.

आधी वाट ठरवा

आमच्याकडे येणारे निम्मे लोक चुकीच्या टेबलासमोर बसलेले असतात. मूल कायमचं आपलं म्हणून वाढवायचं असेल तर दत्तक. भावाच्या किंवा बहिणीच्या पश्चात त्यांचं मूल तुम्ही सांभाळता आहात आणि खर्चाला हातभार हवा आहे, तर बालसंगोपन. मूल घरी आणणं शक्य नाही, पण बालगृहातल्या एखाद्या मुलासाठी नियमाने वेळ देता येईल, तर मार्गदर्शक मित्र. तिन्हींचे कागद वेगळे आणि मुलाला दिलेला शब्दही वेगळा.

दत्तक: वयाचं गणित

अर्ज एकच, आणि तो केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर. पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्र किंवा ससूनच्या आवारातली सोफोश यांच्यासारख्या संस्था समुपदेशन करतात, गृहभेट घेतात, पण त्यांच्या वहीत नाव लिहून नंबर लागत नाही. "आमच्या ओळखीचे ट्रस्टी आहेत" हे वाक्य मी दर शनिवारी ऐकते. ओळखीने यादीत वर जाता येत नाही, आणि जाता येऊही नये.

जोडप्याचं वय एकत्र मोजतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज 85 पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100, आठ ते अठरासाठी 110. एकट्या अर्जदाराला हीच मर्यादा 40, 45, 50 आणि 55. नवरा 46 आणि बायको 41 असेल तर बेरीज 87 होते. म्हणजे तान्हं बाळ नाही, पण तीन वर्षांचं मूल जरूर. लोक 87 बघून 'आपण बसत नाही' असं ठरवतात आणि घरी जातात. तसं करू नका, पुढचा वयोगट बघा. मोजणी पोर्टलवर नोंदणी केलेल्या दिवसाच्या वयाने होते, म्हणून 'दिवाळीनंतर भरू' म्हणणाऱ्यांना मी तिथेच बसवून फॉर्म भरून घेते. मुलाच्या आणि दोघांपैकी प्रत्येकाच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर हवं, हेही तरुण जोडपी विसरतात. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. घरात आधीच दोन मुलं असतील तर विशेष गरजा असलेल्या किंवा सहसा घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच अर्जाचा विचार होतो. नात्यातलं किंवा सावत्र मूल याला अपवाद.

कागद: एकाच माणसाची तीन नावं

पॅन, आधार, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो हे सगळ्यांकडे असतं. गोम नावात आहे. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह दाखला कामी येतो. स्पेलिंगचा घोळ मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाला.

उत्पन्नाच्या पुराव्यावर रिक्षावाले, भाजीवाले, शेतकरी बिचकतात. पगाराची पावती नाही म्हणून अर्ज बाद होत नाही. विवरणपत्र भरत असाल तर ते चालतं, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. अमुक इतकं उत्पन्न हवंच असा आकडा नियमात नाही, आणि घर भाड्याचं असलं तरी हरकत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्रात मात्र लपवाछपवी नको. साखर किंवा रक्तदाब आहे म्हणून लोक ओळखीच्या डॉक्टरांकडून कोरडं 'फिट' लिहून आणतात आणि गृहभेटीत फ्रिजवर गोळ्यांची पाकिटं दिसतात. पात्रतेची अट जीवघेण्या आजाराची आहे. आजार आटोक्यात आहे आणि ही व्यक्ती मूल सांभाळायला सक्षम आहे, असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत लागते. वेगळे राहत असाल पण कागदोपत्री विवाहित असाल, तर जोडीदाराच्या संमतीशिवाय अर्ज पुढे जात नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण आधीच कळलेलं बरं.

नंबर कधीपासून लागतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. नोंदणी क्रमांक मिळाला की लोक निर्धास्त होतात. कागद 30 दिवसांत अपलोड करायचे असतात, आणि ज्येष्ठताक्रम धरतात तो कागद चढवून नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. क्रमांक मिळाल्याचा दिवस त्यात मोजत नाहीत. म्हणून आधी फोल्डर पूर्ण करा, मग पोर्टल उघडा. त्यानंतर 60 दिवसांत गृहभेटीचा अहवाल अपेक्षित असतो आणि तो तीन वर्षं चालतो. लहान, निरोगी बाळासाठी प्रतीक्षा तीन वर्षांच्या पुढे जाते, म्हणजे अहवालाची मुदत आधी संपू शकते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गृहभेटीला घर रंगवायची गरज नाही. सामाजिक कार्यकर्ती आजी-आजोबांशीही बोलते. त्यांना अंधारात ठेवून अर्ज केलात तर भेटीच्या दिवशी त्यांचा चेहराच सगळं सांगून जातो. एकट्या अर्जदाराने, तुम्हाला काही झालं तर मुलाला सांभाळेन, असं जवळच्या नातेवाइकाचं लेखी आश्वासन आधीच घेऊन ठेवावं.

आता एक कळकळीची गोष्ट. अर्ज सायबर कॅफेत भरला असेल तर त्यात कुणाचा ईमेल आहे ते आज तपासा. एका जोडप्याने साडेतीन वर्षं वाट पाहिली. मुलाचा प्रस्ताव आला तो सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या ईमेलवर, आणि नोंदवलेलं सिम केव्हाच बंद पडलं होतं. प्रस्ताव आल्यापासून 48 तासांत मूल राखून ठेवावं लागतं. ते 48 तास गेले आणि त्या दोघांना कळलं आठवड्याने. बाई आमच्या टेबलाशी बसून मोबाईलवर तो मेल पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. एकूण तीनच प्रस्ताव येतात, त्यातला एक असा गेला. ईमेल स्वतःचा, पासवर्ड दोघांनाही पाठ, नंबर बदलला तर त्याच दिवशी पोर्टलवर बदल.

मूल राखून ठेवल्यावर 30 दिवसांत संस्थेत जाऊन भेट, वैद्यकीय कागद बघणं आणि स्वीकृती. मग आदेश होईपर्यंत मूल संगोपनासाठी घरी येतं. आदेशासाठी अजूनही लोक शिवाजीनगरच्या कोर्टात वकील शोधत फिरतात. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. अर्ज संस्था करते, तो जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जातो, आणि दोन महिन्यांत निकाली निघायला हवा. 'हवा' म्हणते कारण फाइल एका टेबलावर पडून राहिलेली मी पाहिली आहे. तिथे नम्रपणे पण लेखी विचारणा करा. तोंडी विचारणं कुणाच्या लक्षात राहत नाही. आदेशावरून जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावं लागतात. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, संस्था मुलाची खुशाली बघायला येते.

फी ठरलेली आहे. गृहभेट अहवालाचे 6,000 रुपये आणि पुढची रक्कम, दोन्ही पावती घेऊनच द्यायची. कुणी "दवाखान्यात बाळ आहे, स्टँपवर लिहून देतो" म्हणालं तर तिथून निघा आणि 1098 या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर कळवा. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. कोविडच्या काळात '2 दिवसांची मुलगी, आई-वडील गेले, दत्तक द्यायची आहे' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, म्हणून तर हे इथे लिहिते आहे.

बालसंगोपन: वडील कुठे आहेत तेच माहीत नाही

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अनाथ, एक पालक गमावलेली, पालक गंभीर आजारी असलेली 18 वर्षांखालची मुलं त्यात येतात. आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, पालकाचा मृत्यूदाखला, आणि घरासमोर उभं राहून काढलेला मूल आणि सांभाळणाऱ्याचा फोटो लागतो.

वडील सोडून गेलेत अशा घरात मृत्यूदाखला कुठून आणणार? "दाखला नाही, चला" असं खिडकीवरून सांगितलं जातं आणि आजी परत जाते. हे चूक आहे. अशा मुलाची परिस्थिती बालकल्याण समितीसमोर मांडायची, गृहचौकशी होते आणि समितीच्या आदेशावर मंजुरी ठरते. पोलिसांत दिलेली तक्रार, सरपंच किंवा नगरसेवकाचं पत्र, शाळेने लिहून दिलेलं असं जे जे हाताशी असेल ते सोबत न्या. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात महिन्याला 4,000 रुपये आहेत, तिथे उत्पन्नाची अट कडक आहे: ग्रामीण भागात वर्षाला 72,000, इतरत्र 96,000. दाखल्यावर त्याहून जास्त आकडा असेल तर तिकडे फेऱ्या मारू नका.

मार्गदर्शक मित्र: कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची अडचण

यासाठी 'कारा'चं पोर्टल नाही, प्रत्येक संस्थेचा स्वतःचा फॉर्म असतो. बहुतेक जण आधार, फोटो, ओळखीच्या दोघांची नावं आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. उत्साहाने येतात ते बहुतेक विद्यार्थी, आणि अडकतात ते या प्रमाणपत्रावर. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या मुलाकडे भाडेकरार नसतो आणि आधारवर पत्ता लातूरचा. घरमालकाचं पत्र, भाडेकरू म्हणून पोलिसांत केलेली नोंद आणि कॉलेजचा बोनाफाईड घेऊन आधी आपल्या हद्दीच्या ठाण्यात काय चालतं ते विचारा, मग ऑनलाइन अर्ज भरा. मालक नोंद करायला कुरकुरतात. तरीही मागे लागा, कारण ही नोंद त्यांनीच करायची असते.

'आम्ही सेवा करायला आलो आणि आमचीच चौकशी' असा राग पुष्कळांना येतो. मुलांना ज्यांनी फसवलं तेही गोड बोलूनच आत आले होते, म्हणून ही चौकशी आहे. मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावायचे नाहीत. त्यांची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

फॉर्मवर वर्षभराची बांधिलकी लिहिलेली असते. त्या रकान्यात सही करण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक आणि गावी जायच्या तारखा काढून बघा. एक चौदा वर्षांचा मुलगा मला आठवतो. शनिवारी चारला त्याचा दादा यायचा. साडेतीनलाच केस ओले करून, भांग पाडून, गणिताची वही मांडीवर घेऊन तो पायरीवर बसायचा. तिसऱ्या महिन्यात दादा यायचा बंद झाला, फोनही नाही. मुलगा पुढचे पाच शनिवार भांग पाडून बसला. सहाव्या शनिवारी बसला नाही, आणि नवीन दादा आला तेव्हा त्याने वही बाहेर काढलीच नाही. वेळ देता येणार नसेल तर सही करू नका. वह्या-पुस्तकं द्या, तेही लागतंच.

मोठ्या मुलांच्या मित्रांना एक काम आवर्जून सांगते. 18 पूर्ण झाल्यावर मूल बालगृहातून बाहेर पडतं, त्याच्या आधी वर्षभर त्याचं अनाथ प्रमाणपत्र, आधार आणि बँक खातं मार्गी लावा. राज्यात 2018 पासून अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राविना त्याचा उपयोग नाही. ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळतं, संस्थेतल्या प्रवेशाची नोंद आणि बालकल्याण समितीचे आदेश त्याला जोडावे लागतात. हे कागद संस्थेच्या कपाटात असतात, आणि मूल तिथे राहत असतानाच ते काढून घेणं सोपं जातं. 21 वर्षांपर्यंत, गरज पडल्यास 23 पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोयही आहे, पण तिचा अर्ज अठरावा वाढदिवस उलटायच्या आत गेलेला बरा.

धायरीच्या बाईंचा परवा फोन आला. क्षेत्रीय कार्यालयातून दाखला मिळाला. गुरुजींच्या जागी त्यांच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र घेतलं, आणि लग्नपत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत सापडली. येत्या शनिवारी त्या स्वतःचा नवीन ईमेल घेऊन येणार आहेत.