मेणपतंगाची न ऐकू येणारी साद

मेणकिडा, म्हणजेच मेणपतंग, शिरल्यामुळे मधमाश्यांची वसाहत मेली, असे सर्रास म्हटले जाते; प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. सशक्त वसाहतीतील कामकरी माश्या या किड्याच्या अळ्या हुडकून बाहेर टाकतात. रोग, उपासमार किंवा राणीचा अभाव यांमुळे माश्या घटल्या, की मग राखण नसलेल्या पोळ्यात या अळ्या मेण, पराग व मध खात, रेशमी धाग्यांची भुयारे विणत फोफावतात.

पोळ्यात राहणाऱ्या मेणपतंगांपैकी लहान तो अक्रोइया ग्रिसेला. जेमतेम १ सेंटीमीटर लांबीचा, चंदेरी राखाडी अंगाचा आणि पिवळ्या डोक्याचा हा पतंग, मधमाश्या पाळल्या जातात अशा बहुतेक उबदार प्रदेशांत आढळतो. प्लॅस्टिक खाणारी म्हणून २०१७ मध्ये गाजलेली अळी त्याच्या मोठ्या नातलगाची, गॅलेरिया मेलोनेलाची होती; पिशवीला भोके पडली एवढ्यावरून प्लॅस्टिकचा प्रश्न सुटल्याचा गवगवा करणे मात्र सर्वस्वी अनाठायी होते.

खरे नवल आहे ते या धाकट्याच्या पंखांपाशी. बहुतेक पतंगांत मादी गंध सोडते आणि नर तिच्याकडे येतो. येथे नर साद घालतो आणि मादी चालत येते. नराच्या पुढच्या प्रत्येक पंखाच्या मुळाशी टेग्युला नावाची झाकणी असते आणि तिच्यावर टिंबल नावाचा छोटा पडदा. पोळ्याजवळ एका जागी उभा राहून नर पंख फडफडवतो, तेव्हा पत्र्याच्या डबीचे झाकण दाबल्यावर टक्कन वाजावे तसा हा पडदा पंख वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा वाजतो. असा प्रत्येक स्पंद, म्हणजे आवाजाचा एक ठोका, सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकाच टिकतो आणि त्याची वारंवारता ७० ते १३० किलोहर्ट्झ असते. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे बहिरा आहे. डावा आणि उजवा पडदा नेमके एकाच क्षणी वाजत नाहीत, त्यामुळे स्पंद जोडीने उमटतात. अशा जोड्या सेकंदाला साधारण ८० ते १०० असतात. मोठा आवाज, जलद लय आणि जोडीतील दोन स्पंदांमधले अधिक अंतर या तिन्ही गोष्टी मादीला आकर्षित करतात.

या पतंगाचे कान पोटाच्या पहिल्या खंडावर असतात आणि वटवाघळांचे श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे, ध्वनीही त्याच कानांवर पडतात. शिकार शोधणाऱ्या वटवाघळाचे स्पंद नराच्या सादेपेक्षा बरेच सावकाश येतात. तशी लय ऐकताच नर गप्प होतो आणि मादी जागीच थबकते, तर जलद लयीकडे ती पुढे सरकते.