टरेट प्रेस आणि तिचं हलणारं हेड: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत घरी काडतुसं रीलोड करायचं (उडवलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बंदुकीची दारू आणि गोळी बसवायची) मनात आलं की एक सल्ला हमखास मिळतो, आधी सिंगल स्टेज घे (एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीवर काम करणारा साचा, बसणारी प्रेस), मग टरेट (फिरत्या हेडवर अनेक डाय असलेली), आणि हात बसला की प्रोग्रेसिव्ह (एकाच स्ट्रोकला अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणारी). म्हणजे टरेट प्रेस ही मधली पायरी, चढायची आणि सोडून द्यायची. पण इतिहास बघितला तर हा क्रम तसा नाहीच. प्रोग्रेसिव्ह मशीन दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होती, आणि आज लोक ज्या टरेटबद्दल हिरीरीने भांडतात ती ८०च्या दशकात घडली. डाय कशी सेट करतात याच्या तपशिलात शिरत नाही, पुढे जातो.

जुना भाग पटकन संपवतो. घरी रीलोड करणं शक्य झालं ते प्रायमरच्या रचनेमुळे. १८६०च्या दशकात दोन पद्धती आल्या, एक अमेरिकन माणसाची बर्डन आणि दुसरी ब्रिटिश अधिकाऱ्याची बॉक्सर, आणि पुढे झालं असं की अमेरिकनाची पद्धत युरोपने उचलली आणि ब्रिटिशाची अमेरिकेने. बॉक्सर पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, वरून पिन घातली की वापरलेला प्रायमर खाली पडतो. बर्डनमध्ये दोन बारीक भोकं बाजूला, तिथे पिन जाणार कुठे. अमेरिकेत रीलोडिंग घराघरात पोचलं आणि युरोपात तितकं पोचलं नाही याला इतरही कारणं आहेत, पण या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

१८८४ला कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनमध्ये एक छोटी कंपनी निघाली, तिची हत्यारं सांडशीसारखी हातात धरून दाबायची होती. शिकारी, दूर वस्तीवर राहणारे लोक ही खिशात टाकून फिरायचे. १९२५ला ही कंपनी त्याच राज्यातल्या मिडलफील्ड गावच्या एका कंपनीने घेतली, जिचा मूळ धंदा बंदुकीच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या साधनांचा. हे गाव लक्षात ठेवा, कारण टरेट लेथचा उगम सांगताना याच मिडलफील्डचं नाव येतं. १८४५मध्ये तिथल्या एका कारागिराने सैन्याच्या पिस्तुलांच्या लॉकसाठी (बार उडवणाऱ्या यंत्रणेसाठी) लागणारे स्क्रू भराभर काढता यावेत म्हणून आठ हत्यारं एका फिरत्या हेडवर बसवली. ज्याने आयटीआयला टर्नर केलंय किंवा पिंपरी-चिंचवडला शॉप फ्लोअरवर काढलीयत काही वर्षं, त्याला यापुढे टरेट समजावून सांगायची गरज नाही, हत्यार एकदा सेट केलं की परत काढायचं नाही, हेड फिरवायचं. रीलोडिंगच्या टरेटमध्ये तीच कल्पना आहे, फक्त कटिंग टूलच्या जागी डाय.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं चित्र वेगळं होतं. सैन्यातून परतलेली पोरं, सरकारी सरप्लसमधून ड्रमच्या ड्रम निघालेली बंदुकीची स्वस्त दारू, शिकारीची आवड, आणि पश्चिमेकडे कॅलिफोर्नियापासून नेब्रास्कापर्यंत गोळ्या आणि डाय बनवणाऱ्या नवीन छोट्या कंपन्या. याच काळात एक गोष्ट पक्की होत गेली जिचं कौतुक कोणी फारसं करत नाही, ती म्हणजे डायचा आटा. पाऊण इंचाच्या वर, सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसायला लागली, आणि टरेटला खरा अर्थ आला तो इथे, कारण चार भोकांच्या हेडमध्ये चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या डाय लावता येत असतील तरच ते हेड कामाचं.

५० आणि ६०च्या दशकातल्या टरेट प्रेस म्हणजे जड कास्टिंग, वर फिरणारं हेड, आणि हेड हाताने फिरवायचं. त्या वेळी लोक त्या घ्यायचे ते वेगासाठी नाही. त्या काळची वापरायची पद्धत अशी होती की ५० पुंगळ्या घ्या, सगळ्या साइझ करा (फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापावर आणा), ट्रेमध्ये ठेवा, हेड एक घर फिरवा, सगळ्यांची तोंडं उघडा, परत ट्रे, दारू वेगळ्या मापाने भरा, मग गोळी बसवा. म्हणजे काम सिंगल स्टेजसारखंच, फक्त डाय काढा-घालायचा त्रास नाही. डाय एकदा सेट करून लॉक रिंग (डाय जागेवर धरणारी कडी) आवळली की महिनोन् महिने हात लावायचा नाही. मला विचाराल तर टरेटचं मूळ सुख हेच आहे, वेग वगैरे नंतर चिकटलं.

वेगाचा प्रश्न आला पिस्तुलवाल्यांमुळे. १९७६मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया शहरात प्रॅक्टिकल शूटिंगच्या (हालचाल करत, वेळ आणि नेम दोन्ही मोजणाऱ्या नेमबाजीच्या) स्पर्धांना संघटित रूप आलं आणि नंतर या प्रकारात उतरणाऱ्याला आठवड्याला शेकड्याने काडतुसं लागायला लागली. सॅन दिएगोची एक प्रोग्रेसिव्ह मशीन युद्धाआधीपासून होती, पोलिस खात्यांत सरावाच्या काडतुसांसाठी वापरायचे, पण ती घेणं साध्या माणसाच्या आवाक्यात नव्हतं. ८०च्या दशकात अ‍ॅरिझोनाच्या एका निळ्या प्रेसवाल्या कंपनीने प्रोग्रेसिव्ह घरगुती किमतीत आणली. आणि त्याच सुमाराला विस्कॉन्सिनच्या एका कंपनीने, जी कायम स्वस्तात काम कसं होईल याचाच विचार करते, टरेटला ऑटो इंडेक्स लावला.

इथेच सगळ्या वादाचं मूळ आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑटो इंडेक्स म्हणजे हेडच्या मध्यातून खाली येणारी एक चौकोनी सळई, तिला वरच्या भागात पीळ दिलेला. रॅमला (लिव्हरने वर-खाली होणाऱ्या दांड्याला) अडकवलेल्या ब्रॅकेटमध्ये प्लास्टिकचा छोटा रॅचेट, त्यातून ही सळई जाते. लिव्हर खाली-वर केला की रॅचेट पिळाला धरतो आणि हेड आपोआप एक घर पुढे सरकतं. चार भोकं, चार स्ट्रोक, एक काडतूस तयार. पुंगळी शेल होल्डरमधून (तिचं बूड धरणाऱ्या खाचेतून) काढायचीच नाही, पहिल्या स्ट्रोकला साइझ, दुसऱ्याला तोंड उघडून डायमधूनच दारू, तिसऱ्याला गोळी, चौथ्याला क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं. आधी तीन भोकांचं हेड होतं, क्रिंपसाठी वेगळी डाय वापरायची पद्धत वाढली तसं चौथं घर गरजेचं झालं. आणि सळई उपसून काढली की तीच प्रेस परत हाताने फिरवायची साधी टरेट. स्ट्रोक अर्ध्यात सोडून उलटा फिरवला तर रॅचेटची वाट लागते, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक दोन-चार रॅचेट ड्रॉवरमध्ये टाकूनच ठेवतात.

आता वाद. हेड आपोआप फिरायचं असेल तर ते सैल असलं पाहिजे. विस्कॉन्सिनवाल्यांनी हेडला मधोमध बोल्टने आवळलंच नाही, ते एका रिंगमध्ये बसतं, ती रिंग तीन खांबांवर, आणि रिंगमध्ये हेडला वर-खाली थोडी जागा मुद्दाम सोडलेली. याचा दुसरा फायदा असा की हेड थोडं फिरवून अख्खं बाहेर उचलता येतं, डाय आणि दारूच्या मापासकट, आणि दुसऱ्या कॅलिबरचं (काडतुसाच्या मापाचं) हेड अर्ध्या मिनिटात बसतं. पण हात लावला की हेड हलतं, खटखट वाजतं. जुन्या पठडीतल्या लोकांना हे बघवत नाही. त्यांचं म्हणणं, न्यूयॉर्क राज्यात बनणारी सात घरांची टी-७ बघा किंवा मिडलफील्डवाल्यांची सहा घरांची टी-मॅग बघा, जाड हेड, मध्ये भक्कम बोल्ट, टी-७ला तर मागून आधारही दिलेला, अशी हवी प्रेस.

पण जरा मेकॅनिक्स बघा. मध्ये बोल्ट असलेल्या टरेटमध्ये ज्या डायखाली काम चालू असतं ती बोल्टपासून बाजूला असते. रॅम जोरात वर आला की हेडच्या एका कडेला धक्का बसतो, कितीही जाड लोखंड असलं तरी इंचाच्या काही सहस्रांश भाग उचललं जाणारच, म्हणूनच तर मागून आधार द्यावा लागतो. सैल हेडवाल्या प्रेसमध्ये जोर आला की हेड वर जाऊन रिंगला टेकतं, आणि रिंग खांबांनी धरलेली आहे. म्हणजे हलतं ते मोकळं असताना, दाबाखाली ते दर वेळी त्याच जागी जाऊन बसतं. रीलोडिंगमध्ये महत्त्वाचं काय, तर दर वेळी तेच घडलं पाहिजे, मोकळं असताना हेड किती हलतं याने काडतुसाला फरक पडत नाही. यावर विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, रायफलच्या मोठ्या पुंगळ्या फुल लेंग्थ (पूर्ण लांबीभर) साइझ करताना जोर कमी-जास्त लागतो, एक पुंगळी नीट लुब्रिकेट झालीय, दुसरी कोरडी, एकीचं पितळ मऊ, दुसरीचं चार वेळा वापरून कडक, मग हेड आणि फ्रेम किती उचलली जाते तेही बदलतं आणि पुंगळीचा खांदा (तोंडाखालचा उतार) सारखा बसत नाही. पण हे दोन्ही प्रकारच्या टरेटला लागू आहे, आणि थोडं सिंगल स्टेजलाही. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांनी या मुद्द्यावरून वर्षानुवर्षं टरेटला हात लावला नाही, आणि गंमत म्हणजे अलीकडे ओहायोच्या एका कंपनीने त्यांच्यासाठीच खास टरेट बनवली, हजार डॉलरच्या वरची, अतिशय घट्ट मशीनिंगची, आणि तीच मंडळी ती घेतायत. म्हणजे टरेट या कल्पनेत अचूकतेचा काही दोष नव्हता, प्रश्न किती बारकाईने बनवली एवढाच होता.

पिस्तुलाच्या काडतुसांसाठी तर हा वाद मला निरर्थकच वाटतो. नऊ मिलिमीटर किंवा .३८ स्पेशलच्या छोट्या सरळ पुंगळ्या, कार्बाइडची डाय (हिला वंगण लागत नाही), जोर लागतो किती?

त्यापेक्षा ज्यावर बोलायला हवं ते म्हणजे डबल चार्ज. बिनधुराची दारू १८८०च्या दशकात आली आणि ती जुन्या काळ्या दारूपेक्षा इतकी ताकदवान की पिस्तुलाच्या पुंगळीत तिचं योग्य माप बऱ्याचदा निम्म्यापेक्षाही कमी जागेत मावतं. म्हणजे चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, वरून गोळी बसते आणि काडतूस दिसायला अगदी बरोबर. ट्रेमध्ये ५० उघड्या पुंगळ्या ठेवून भरताना एखादीत दोनदा पडणं ही जुनी भीती. ऑटो इंडेक्सने इथे मोठं काम केलं, कारण दारू पडली की पुढच्या स्ट्रोकला त्याच पुंगळीवर गोळी बसते, मध्ये रेंगाळायला जागाच नाही. धोका राहतो तो काहीतरी अडकलं आणि माणसाने स्ट्रोक परत मारला तर. म्हणून गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावून दारूची पातळी बघायची, त्यासाठी प्रेसवर छोटा लाइट लावायचा, डोळ्यांना चष्मा, आणि दारूचं माप छापील डेटातूनच घ्यायचं. प्रेस कुठलीही असो, यात सूट नाही.

२०००नंतर विस्कॉन्सिनवाल्यांनी त्याच टरेटला कास्ट आयर्नचा पाया दिला, रॅममधूनच वापरलेले प्रायमर खाली नळीत पडतील अशी सोय केली, आणि क्लासिक टरेट नावाने ती चालली. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्रेसमध्ये वापरलेले प्रायमर आणि त्यांची काजळी टेबलभर उडायची, ज्याने ते रोज झाडलंय त्यालाच नळीची किंमत कळेल.

पण विक्रीला खरा जोर आला तो टंचाईने. २०१२च्या डिसेंबरनंतर दुकानातली काडतुसं गायब झाली, २०१३ भर तीच रड, आणि २०२०ला कोरोनात परत, या वेळी त्याहून वाईट. लोकांना वाटलं घरीच बनवू, प्रेस घेतल्या, आणि मग लक्षात आलं की प्रायमरच मिळत नाहीयेत. पुंगळी परत वापरता येते, गोळी घरी शिसं ओतून करता येते, पण प्रायमर घरी बनवायची वस्तूच नाही. त्या दोन वर्षांत नवीकोरी टरेट प्रेस खोक्यातच पडून राहिलेली बरीच घरं असतील, आणि नंतर त्याच प्रेस सेकंडहँडमध्ये बाहेर आल्या.

कायद्याचं थोडक्यात: अमेरिकेत स्वतःसाठी रीलोड करायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला बनवलं तर लागतो. आग-सुरक्षेच्या नमुना नियमांत घरी मूळ डब्यांतच २० पौंडांपर्यंत बिनधुराची दारू आणि १०,००० प्रायमर अशी मर्यादा आहे, गावागणिक यापेक्षा कडक नियम असू शकतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी जे रेंजवर जातात त्यांनी आपल्या काउंटीचं बघून घ्यावं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे घरच्या गॅरेजमधली ही गोष्ट तिथलीच आहे, इथे करून बघायची नाही.

आता घ्यायची कुठली, तर इतिहास बघून माझं मत असं बनलंय. तासाला शंभर-दीडशे पिस्तूल काडतुसं पुरत असतील आणि तीन-चार कॅलिबर असतील तर चार घरांची ऑटो इंडेक्स, प्रत्येक कॅलिबरला एक वेगळं हेड सेट करून ठेवलेलं. मुख्यतः रायफल, थोड्या संख्येत, तर बोल्टवाली सहा-सात घरांची, हाताने फिरवायची. मिडलफील्डच्या वारसदारांनी अलीकडे आठ घरांची काढलीय, तिच्यात एका हेडवर दोन कॅलिबरच्या डाय कायम बसून राहतात, हेडच बदलायला लागत नाही. महिन्याला हजारांत उडवणाऱ्याने मात्र टरेटच्या भानगडीत न पडता थेट प्रोग्रेसिव्ह घ्यावी, आधी टरेट घेऊन हात बसवायलाच हवा असं काही नाही.