जुन्या गाडीचं स्टिअरिंग ऑइल आणि कूलंट: बाटल्यांमागची पार्श्वभूमी

जुन्या गाडीचं मॅन्युअल उघडलं की पॉवर स्टिअरिंगच्या रकान्यात 'टाइप ए, सफिक्स ए' किंवा 'डेक्सरॉन-२' असं काहीतरी सापडतं. कूलंटच्या पानावर बहुधा नुसतंच 'चांगल्या प्रतीचं अँटीफ्रीझ वापरा' असतं. त्या नावाची बाटली आज मिळत नाही, आणि 'चांगल्या प्रतीचं' म्हणजे काय हे सांगायला कुणी नसतं. मग खरेदी रंगावर होते: लाल ते स्टिअरिंगचं, हिरवं ते रेडिएटरचं. १९७० साली हा ठोकताळा बऱ्यापैकी चालून गेला असता. आज हिरवं स्टिअरिंग ऑइलही मिळतं आणि लाल, गुलाबी, नारिंगी, निळं, जांभळं कूलंटही. रंग म्हणजे फक्त रंगद्रव्य. तो कुठल्याच नियमाने बांधलेला नाही. खरा प्रश्न असतो तो गाडीच्या सालाचा. त्या काळात पंपाच्या सीलला कोणतं रबर वापरायचे, रेडिएटर कशाचा बनायचा आणि कारखान्याने कोणतं द्रव गृहीत धरलं होतं, एवढं कळलं की बाटली निवडणं सोपं होतं.

आधी स्टिअरिंग. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात अवजड गाड्यांसाठी हायड्रॉलिक स्टिअरिंग जुळवलं आणि १९२६ साली ते गाडीवर चालवून दाखवलं. पुढे जनरल मोटर्सने त्यात रस घेतला, पण मंदीच्या काळात खर्च परवडेना म्हणून १९३४ मध्ये काम गुंडाळलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना याची गरज पडली आणि तंत्र पक्कं झालं. सामान्य गिऱ्हाइकाला ते मिळालं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलवर, 'हायड्रागाइड' या नावाने. डेव्हिसच्या काही पेटंटांची मुदत तोवर संपली होती. क्रायस्लरने त्याचा फायदा घेतला. जनरल मोटर्सला जाग आली ती त्यानंतर.

पंप आला, आता त्यात ओतायचं काय? गिअर ऑइल जाड; थंडीत पंपाला ते ओढवत नाही. इंजिन ऑइलला फेस येतो, आणि फेसात हवा असल्यामुळे पंप कण्हायला लागतो. एक द्रव मात्र आयतं हाताशी होतं. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला होता आणि १९४९ मध्ये त्याच्या तेलाला 'टाइप ए' असं अधिकृत मानक दिलं होतं. हे तेल पातळ होतं, फेस कमी करणारं होतं आणि नायट्राइल रबराच्या सीलला मानवणारं होतं. त्यामुळे अमेरिकेतल्या बहुतेक उत्पादकांनी, आणि त्यांच्याकडून स्टिअरिंगचे सुटे भाग किंवा कल्पना घेणाऱ्या इतरांनीही, पॉवर स्टिअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), घातलं. म्हणजे स्टिअरिंग ऑइल असं वेगळं काही सुरुवातीला नव्हतंच. जुन्या मॅन्युअलमध्ये स्टिअरिंगच्या पानावर एटीएफ दिसतं ते यामुळे. छापताना काही चूक झालेली नाही.

उसनवारीचा एक परिणाम असा, की गिअरबॉक्सच्या तेलाचं जे जे झालं ते स्टिअरिंगलाही भोगावं लागलं. टाइप ए आणि त्याच्या जागी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेलं जनरल मोटर्सचं पहिलं डेक्सरॉन यांत घर्षण जुळवण्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल असायचं. अमेरिकेने १९७०च्या सुमारास या देवमाशाला संरक्षण दिल्यावर ते बंद झालं आणि पर्याय शोधून डेक्सरॉन-२ काढावं लागलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत गंजरोधक कमी पडले. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. तिथलं सोल्डर या तेलाने खाल्लं आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरायला लागलं. दोन बाटल्यांच्या या गोष्टी एकमेकींना भेटतात त्या इथे, आणि तेही वाईट रीतीने. आजही जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर पहिला संशय त्याच नळीवर घ्यावा.

पुढे १९९३ मध्ये डेक्सरॉन-३ आलं, २००५ मध्ये डेक्सरॉन-६, आणि २००६ संपताना डेक्सरॉन-३चे परवाने जनरल मोटर्सने थांबवले. म्हणून आज बाटलीवर 'डेक्सरॉन-३च्या जागी योग्य' अशी भाषा असते. ती उत्पादकाची स्वतःची हमी, जनरल मोटर्सची मोहोर नव्हे. डेक्सरॉन-६ जुन्या तेलांच्या जागी चालावं अशाच हेतूने काढलं होतं, पण नवंकोरं असताना ते आधीच्यापेक्षा पातळ असतं. ज्या पंपाच्या पात्या झिजल्यात आणि चाकं वळवणाऱ्या रॅकचे सील कडक झालेत, त्यात मी तरी जुन्या जाडीचं, डेक्सरॉन-३ जातीचंच तेल घालेन. फोर्डचं 'टाइप एफ' की डेक्सरॉन, यावर लोक हिरिरीने भांडतात. ती लढाई गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांची आहे. स्टिअरिंगच्या पंपात क्लच नसतो. तिथे महत्त्व जाडीला आणि सीलशी जुळण्याला. तरीही झाकणावर जे लिहिलंय तेच घालणं बरं, म्हणजे वाद घालायची वेळच येत नाही.

सगळेच मात्र अमेरिकन वाटेने गेले नाहीत. सिट्रोएनने १९५५ मध्ये डीएस गाडी आणली तेव्हा सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच दाबाच्या यंत्रणेवर चालवलं. सुरुवातीचं द्रव ब्रेक ऑइलच्या नात्यातलं, म्हणजे हवेतली ओल शोषणारं होतं, आणि त्यामुळे आतून गंज धरायचा. १९६६ मध्ये कंपनीने 'एलएचएम' हे हिरवं खनिज तेल आणलं आणि त्या यंत्रणेचे भागही हिरवे रंगवले, कुणी चुकून जुनं लाल द्रव ओतू नये म्हणून. अदलाबदल दोन्हीकडून घातक. खनिज तेलासाठीच्या नायट्राइल सीलना ब्रेक ऑइल खराब करतं. ब्रेकच्या ईपीडीएम रबराला खनिज तेल लागलं की ते फुगून बोजवारा उडतो. पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत 'सध्यापुरतं' ब्रेक ऑइल घालणाऱ्याला महागडी रॅक बदलावी लागते, हे याच रसायनाचं फळ.

जर्मन गाड्यांत पुढे कृत्रिम हायड्रॉलिक तेल आलं. पेंटोसिनचं सीएचएफ ११एस हे त्यातलं ठाऊक नाव, रंग हिरवा. कडाक्याच्या थंडीत ते एटीएफपेक्षा खूपच सहज वाहतं. एकाच मॉडेलच्या काही सालांत एटीएफ आणि पुढच्या सालांत सीएचएफ असंही झालंय. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत याचा निर्णय टाकीच्या झाकणावर असतो. तिथे एटीएफ किंवा सीएचएफ ठळक लिहिलेलं असतं. पण वीस-तीस वर्षांच्या तेलकट धुळीखाली ती अक्षरं बुजतात, स्टिकर असेल तर गळून पडतो. झाकण काढून डिझेलने पुसायचं आणि तिरप्या उजेडात धरायचं. उठावाची अक्षरं असली तर वाचता येतात. झाकणच कुणी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल तर मात्र मॅन्युअल किंवा चेसिस नंबरावरून पार्ट कॅटलॉग पाहावा. होंडाने स्वतःचं वेगळं स्टिअरिंग ऑइल ठरवलं आणि एटीएफ घालू नका असं बजावलं; तिथे 'सगळं सारखंच असतं' हा सल्ला ऐकू नये.

आता कूलंट, ज्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि ज्यात जुन्या गाड्यांचं नुकसानही जास्त होतं.

पहिल्या मोटारींत साधं पाणी असायचं. थंड प्रदेशांत ते गोठून इंजिनचा ब्लॉक फुटायचा, म्हणून लोकांनी मिळेल ते घातलं. कॅल्शियम क्लोराइडने धातू खाल्ला. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, त्यामुळे इंजिन तापलं की उडून जायचं आणि वाफ पेटायची भीती वेगळीच. ग्लिसरीन जाड आणि महाग पडायचं. इथिलीन ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अ‍ॅडॉल्फ व्यूर्त्झ यांनी १८५६ मध्येच बनवलं होतं, पण मोटारीत यायला त्याला सत्तर वर्षं लागली. अमेरिकेत १९२७ मध्ये प्रेस्टोन या नावाने ते आलं, जर्मनीत त्याच दशकाच्या अखेरीस ग्लायसँटिन. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, म्हणजे उडून जात नाही. निम्मं पाणी मिसळलं की गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं. पाणी न मिसळता 'घट्ट' ओतल्याने संरक्षण वाढतं हा समज त्यामुळे उलटाच. शिवाय उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. जुनं काढलेलं उघड्या भांड्यात ठेवू नये, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

ग्लायकॉल कालांतराने आम्लात बदलतं. म्हणून कूलंटची खरी ओळख त्यातल्या गंजरोधकांवरून होते. जुन्या गाडीत बिडाचा ब्लॉक, तांबं-पितळेचा रेडिएटर आणि तो जोडणारं शिसं-कथिलाचं सोल्डर. त्या धातूंसाठी बोरेट, नायट्राइट, बेंझोएट, फॉस्फेट अशी अजैविक मिश्रणं घडवली गेली. अ‍ॅल्युमिनियमची हेड रुळली तसं सिलिकेटचं महत्त्व वाढलं, कारण ते अ‍ॅल्युमिनियमवर झटकन पातळ थर धरतं. हा थर पटकन येतो तसा साठाही पटकन संपतो; दोन वर्षांनी कूलंट बदला ही जुनी सूचना त्यातून आली. ब्रिटिश गाडीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये बीएस ३१५१ किंवा नंतरचं बीएस ६५८० असा ब्रिटिश मानकाचा उल्लेख असेल तर तो याच घराण्याचा पत्ता आहे.

मग देशोदेशी वाटा फुटल्या. युरोपात पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेट मिळून गाळ धरायचा, म्हणून तिथल्या उत्पादकांनी फॉस्फेट टाळलं. जपानी कंपन्यांना वॉटर पंपाच्या सीलवर सिलिकेटचा त्रास दिसला, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मोठा बदल १९९५ मध्ये. जनरल मोटर्सने डेक्स-कूल हे नारिंगी कूलंट आणलं. त्यात सिलिकेट-फॉस्फेटऐवजी सेंद्रिय आम्लं होती. ती सगळीकडे थर देत बसत नाहीत. जिथे गंज धरू लागतो तिथेच काम करतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पुरतात. फोक्सवॅगनच्या लाल जी-१२चं तत्त्वही तेच. ते आधीच्या निळसर-हिरव्या जी-११मध्ये मिसळलं तर तपकिरी गाळ व्हायचा. तो डाग पुसण्यासाठी पुढे मिसळता येणारं जांभळं जी-१२ प्लस आलं. डेक्स-कूलवरून इंटेक मॅनिफोल्डचे गॅसकेट गळण्याचे खटले झाले आणि २००८ मध्ये तडजोड झाली.

नव्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला हे कूलंट उत्तम. जुन्या पितळी रेडिएटरची गोष्ट वेगळी. सेंद्रिय आम्लांचं रक्षण हळूहळू उभं राहतं आणि शिसं-कथिलाच्या सोल्डरला त्याचा भरवसा नाही. त्यात २-इथिलहेक्झॅनोइक आम्ल असेल तर सिलिकॉनच्या सीलनाही बाधू शकतं. ब्रिटनमधल्या जुन्या वाहनप्रेमींच्या संघटनांनी याबद्दल सभासदांना सावध केलं होतं ते उगाच नव्हे. रेडिएटरचं झाकण गार असताना उघडून आत टॉर्च मारा. नळ्यांची तोंडं जिथे पत्र्याला जोडलीत तिथे पांढरट, भुरभुरीत फुलोरा दिसला तर सोल्डर झिजतंय. बाहेरून गळती दिसायच्या खूप आधी तो दिसतो.

म्हणून तांबं-पितळेच्या रेडिएटरच्या गाडीत जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं, अजैविक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. दोन वर्षांनी बदल. १९८०-९०च्या, अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर असलेल्या युरोपीय गाडीत बहुधा जी-४८ जातीचं मिश्र (सिलिकेट आणि सेंद्रिय आम्लं दोन्ही असलेलं) कूलंट बसतं; त्या काळच्या जपानी गाडीत फॉस्फेटचं, सिलिकेट नसलेलं. आधीच्या मालकाने काय घातलं होतं ते ठाऊक नसेल तर टॉप-अप करू नये. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून, ब्लॉकचा ड्रेन प्लगही काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं. प्लगच्या तोंडाशी गाळ बसलेला असतो. तारेने टोचल्याशिवाय पाणी येत नाही आणि आपल्याला वाटतं ब्लॉक रिकामा झाला. इतक्या वर्षांचा गाळ निघाल्यावर त्याने बुजवलेली एखादी बारीक गळती उघडी पडते, तेव्हा धुतल्यानंतरचे काही दिवस पातळीवर नजर ठेवावी.

'सर्व गाड्यांसाठी, सर्व रंगांसाठी' अशी जाहिरात असलेल्या बाटल्या बहुतेक सेंद्रिय आम्लांच्याच घराण्यातल्या असतात. २००० नंतरच्या गाडीवाल्याला त्या सोयीच्या. १९६५ च्या गाडीवाल्याने पुढचं लेबल सोडून मागचं वाचावं. सिलिकेट किंवा अजैविक गंजरोधकांचा उल्लेख नसेल आणि बदलण्याची मुदत पाच वर्षं लिहिली असेल, तर ती बाटली त्याच्या रेडिएटरसाठी नाही.